लच्छूचं पाप सापडलंच नाही

माझा धाकटा भाऊ लच्छू कसा आहे असं कोणी विचारलं की मी "बरा आहे" म्हणते. आणि तसा तो बराच आहे. उजवं अंग गेलं, पण डाव्या हातानं जेवतो. ललिता, त्याची बायको, सकाळी त्याला धरून अंगणातल्या खाटेवर आणून बसवते, मग तो कोंबड्यांना शिव्या देत दिवस काढतो. पण आमच्या मंडळीतली बाई विचारते तेव्हा तिला तब्येत विचारायची नसते. तिला विचारायचं असतं, लच्छू परत येणार काय? मरायच्या आधी येशूकडे परत येणार काय? त्याला माझ्याजवळ उत्तर नाही, आणि मी त्याची सख्खी बहीण आहे.

आमचं गाव गडचिरोलीहून आरमोरीकडे जाणाऱ्या सडकेपासून बरंच आत, जंगलाला लागून आहे. आमच्या बाबांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा मी परकरात होते आणि लच्छू आईच्या कडेवर होता. मंडळी मोठी नाही. टिनाच्या छपराचं प्रार्थनाघर, बसायला अंथरलेली दरी, एक ढोलकी. ती ढोलकी लच्छूची. तो वाजवायला लागला की म्हाताऱ्या बायासुद्धा मान हलवायच्या, आणि पाळकसाहेब उपदेश लवकर आटपायचे, कारण लोकांना पुढचं गाणं पाहिजे असायचं.

पुनरुत्थानाच्या सणाला, म्हणजे ईस्टरला, तर त्याच्यासारखा माणूस नव्हता. उजाडायच्या आत तो ढोलकी गळ्यात घालून दारोदार फिरायचा. "प्रभू उठला!" म्हणून ओरडायचा, आणि आतून "खरोखर उठला!" असं उत्तर आल्याशिवाय त्या दारातून हलायचा नाही. झोपाळू माणसाला म्हणायचा, "तो कबरीतून उठला, तुले खाटेवरून उठाले काय होते?" शेजारचे देवाजीभाऊ हिंदू, ते बाहेर येऊन म्हणायचे, "लच्छू, तुमचा देव उठला ते चांगलं झालं. पण माह्या बैलाईले काऊन उठवून राह्यला?" मग आम्ही सगळे नदीच्या रेतीवर जायचो आणि सूर्य वर येताना गाणी म्हणायचो.

आता मोहाचं सांगते. मोहाची फुलं पहाटे गळतात. उजाडताच वेचली तर आपली, नाही तर गाईगुरांची, रानडुकरांची. आणि मोहा गळायचे दिवस अन् पुनरुत्थानाचा सण नेमके एकाच वेळी येतात. सणाची तारीख ठरवणाऱ्यानं आमच्या जंगलाकडे पाहिलं नसावं. तरी पूर्वी जमत होतं. रेतीवरची प्रार्थना झाली की टोपल्या घेऊन जायचं, डुकरांचं उष्टं उरेल ते वेचायचं. घरात काही कमी पडलं असं मला आठवत नाही.

मग वाघ वाढले. बाजूच्या गावातली एक बाई मोहाखाली वाकलेली असताना गेली. फॉरेस्टवाले भोंगा लावून सांगत फिरले की एकट्यानं जंगलात जाऊ नका. तेव्हा गावानं बसून ठरवलं, सगळ्यांनी मिळून जायचं आणि मिळून परत यायचं. फटफटलं की घोळका निघणार, ज्याची त्याची झाडं घोळक्यातच वेचून होणार. जो मागं राहिला, त्यानं त्या दिवशी घरी बसायचं. लच्छूची झाडं सगळ्यात दूर, नाल्याच्या काठावर. तिथं एकटा जायची कोणाची छाती नव्हती.

त्या वर्षी सण ऐन गळतीत आला. आदल्या संध्याकाळी लच्छू माझ्याकडे आला. म्हणाला, "बाई, यंदा लोकाईले तूच उठव. मी झाडाखालून सीधा रेतीवर येतो."

"येशील नं?"

"येईन नाई तं जाईन कुठी?"

आला. घोळका परतला तेव्हा ऊन चढलं होतं; गाणी संपता संपता आला, हाताला मोहाचा वास, केसात काड्या. ढोलकी घेतली आणि शेवटचं गाणं असं वाजवलं की पाळक हसले. कोणी काही बोललं नाही. बोलण्यासारखं होतंच काय?

पुढं मोहाचे सगळे रविवार गेले. मग तेंदूपत्ता आला, त्यालाही पहाटेच निघावं लागते. पावसाळ्यात धानाची रोवणी आली. त्यानंतर कधी पाहुणे, कधी अंग दुखते, कधी नुसतंच "राहू दे आज". तो यायचा, पण दाराजवळ बसायचा. मग बाहेर चपलांजवळ उभा राहून गाणं ऐकायचा. मग सणाला तेवढा यायचा. ललिता आधी एकटी यायची, मग एकटीला करमत नाही म्हणून तीही यायची राहिली. ढोलकी दुसऱ्या एकानं घेतली. तो इतकं वाईट वाजवायचा की माझे दात आंबायचे. एकदा आमचं गाणं लच्छूच्या घरापर्यंत ऐकू गेलं. मी नंतर त्याला म्हटलं, "काऊन रे, ऐकलं काय, कसं बदडून राह्यला तो?" मला वाटलं चिडेल, ढोलकी हिसकावून घेईल. तो म्हणाला, "वाजवते तं वाजवू दे." आणि कुऱ्हाडीला धार लावत बसला. त्या दिवशी मला पहिल्यांदा भीती वाटली.

मंडळीत लोकांना कारण पाहिजे होतं. कोणी म्हणे तो जुन्या देवांकडे गेला. गावात नवीन पीक, नवीन फळ खायच्या आधी पंडुमाची पूजा होते, तिथं तो दिसला होता. मी जाऊन विचारलं. तर म्हणाला, "गेलो होतो. तिथी बसलो, जेवलो, आलो. त्याईचा देव त्याईच्यापाशी." म्हणजे तिकडेही गेला नव्हता. तिकडे गेला असता तर निदान एका देवाच्या घरी तरी आहे असं म्हणता आलं असतं.

मी पिच्छा सोडला नाही. रोवणी झाल्यावर, कापणीच्या आधी, दिवाळीत, भेटेल तिथं म्हणायची, "लच्छू, चल नं एक डाव." शेवटी एक दिवस तो "येतो" म्हणाला. माझ्यासाठी म्हणाला की त्याला वाटलं म्हणून, ते मी विचारलं नाही. विचारलं तर नाही म्हणेल अशी धास्ती होती.

आमच्यात पद्धत आहे. मंडळीतून सुटलेला माणूस परत आला की त्यानं सगळ्यांसमोर उभं राहून सांगायचं, देवाला कशापायी सोडलं. मग पाळक त्याच्यासाठी प्रार्थना करतात, त्याला उजवा हात देतात, आणि त्या दिवसापासून तो पुन्हा प्रभुभोजनाला बसतो. मागं एका माणसानं दारूचं आणि बायकोला मारायचं सांगितलं होतं. सगळी मंडळी रडली होती. अजून लोक त्या साक्षीची आठवण काढतात, एखादं लग्न चांगलं झालं असं बोलतात ना, तशी.

लच्छू येणार हे आमच्या मंडळीतल्या ज्योत्स्नाबाईंनी गावभर केलं. झेंडूचा हार आणला. कोंबड्या कापल्या. जुने पाळक जाऊन आदेश नावाचे नवे पाळक आले होते, ब्रह्मपुरीकडचे, कोवळ्या वयाचे, मिशीसुद्धा धड न फुटलेले. त्यांच्या हातून परत येणारा हा पहिलाच माणूस, त्यामुळे तेही नवा सदरा घालून आले. लच्छूला दाराजवळ बसायचं होतं. त्याला धरून पुढं नेलं, हार घातला आणि उभं केलं.

आदेश पाळक म्हणाले, "लच्छूभाऊ, मन मोकळं करा. देवापासून दूर कशामुळे गेलात?"

लच्छू म्हणाला, "मोहा वेचत होतो जी."

मागून कोणी तरी हसलं.

"ते ठीक आहे. पण त्याच्या मागं काय होतं? दारू?"

"नाई जी. मोहा वेचतो, पेत नाई."

ज्योत्स्नाबाईंना दम निघेना. "बायकोले मारत होते काय? सांगून टाका, लाजू नका."

ललिता बायांमधून ओरडली, "त्याईची काय हिंमत! मीच मारन त्याईले!"

सगळे हसले, आदेश पाळकही. मग त्यांनी चेहरा सरळ केला. "पंडुमात पूजा केली?"

"पूजा कोणती जी? जेवलो."

"मग देवावर राग धरला होता का? मनात काही सल?"

लच्छूनं खरंच विचार केला. त्याला विचार करताना मी लहानपणापासून पाहते, खालचा ओठ दाताखाली धरतो. छपरावर माकड धावून गेलं, तरी त्यानं वर पाहिलं नाही. मग म्हणाला, "राग असता तं बरं झालं असतं साहेब. भांडाले तरी आलो असतो."

आता कोणी हसलं नाही. आदेश पाळकांचा मला राग नाही. त्यांना जे शिकवलं त्यात हे नव्हतं. दारुड्याचं काय करायचं, मूर्तीपुढं वाकलेल्याचं काय करायचं, ते त्यांना माहीत होतं. जो नुसता वाहून गेला, पाण्यावरची काडी जाते तसा, त्याचं काय करायचं? ते हळूच म्हणाले, "तरी काही तरी कबूल करा भाऊ. म्हणजे आपल्याला प्रार्थना करता येईल."

लच्छूनं माझ्याकडे पाहिलं. जसं काही मी एखादं पाप उसनं देणार होते. मग म्हणाला, "नाई सापडत जी," आणि हार गळ्यात ठेवून जाऊन दाराजवळ बसला.

पाळकांनी प्रार्थना केली, पण उजवा हात दिला नाही. म्हणाले, पुढच्या महिन्यात, थोडी तयारी करून. त्यांनी चांगल्या मनानंच म्हटलं. मग जेवणं झाली. लच्छू पोटभर जेवला. मंडळी मात्र नाराज होती. कोंबड्या कापल्या आणि साक्ष फिकी निघाली, असं बायांच्या तोंडावर दिसत होतं.

घरी येताना तो माझ्याबरोबर चालत होता. गळ्यातला हार चाचपत राहिला. मग म्हणाला, "बाई, कोंबडी चांगली होती."

मला हसू आलं. मी म्हटलं, "आणि बाकीचं?"

"मले वाटलं होतं, आत गेलो की काही तरी होईल. पह्यले होत होतं नं, छातीत. गाणं सुरू झालं की भरून येत होतं." तो थांबला, हार काढून हातात घेतला. "काहीच नाई झालं. बसस्टँडावर बसतो नं, शेवटची गाडी निघून गेल्यावर, तसं बसलो होतो."

मी म्हटलं, "पुढच्या महिन्यात होईल."

तो म्हणाला, "हो." मी लहान असल्यासारखं म्हणाला.

पुढचा महिना आला, लच्छू गेला नाही. मीही त्याला न्यायला गेले नाही, गुडघे सुजले होते. पुढं थंडीत एका सकाळी तो पाणी भरताना पडला, लकवा झाला. गडचिरोलीच्या दवाखान्यात राहिला, मग घरी आणला. आदेश पाळक तिथंही गेले, घरीही येतात. बसतात, तब्येत विचारतात, वचन वाचतात. लच्छू त्यांना चहा पाजल्याशिवाय सोडत नाही. त्यांनी एकदा मला बाहेर बोलावून विचारलं, "बाई, यांना काही वाटतं की नाही?" मी म्हटलं, "साहेब, तुम्ही आले की त्याले बरं वाटते." त्यांनी मान खाली घातली. त्यांनी तेवढंच विचारलं नव्हतं, ते मलाही माहीत होतं.

मागच्या रविवारी उपासना सुटल्यावर मी एकटी त्याच्याकडे गेले. ललिता भात टाकत होती. लच्छू अंगणात खाटेवर. जीभ जड झाली आहे, पण मला त्याचं सगळं कळते. मी आडवळणानं न जाता विचारलं, "लच्छू, तुले भेव नाई वाटत काय?"

"कशाचा?"

"मराचा."

"वाटते. रोज वाटते."

"मग म्हण नं त्याले. येशूले. तू म्हटलं तं नाई म्हणणार हाय काय तो?"

तो माझ्याकडे पाहत राहिला. डोळ्यात पाणी आलं, पण अंग गेल्यापासून त्याच्या उजव्या डोळ्यातून तसंही येतेच, म्हणून मी त्यावरून काही धरून चालत नाही. म्हणाला, "म्हणून पाह्यलं बाई. तू समजते तितका मी आळशी नाई. इथी पडल्या पडल्या लई डाव म्हटलं. नसलेल्या माणसाशी बोलल्यासारखं नाई वाटत. घरी कोणी नाई तरी आवाज दिल्यासारखं वाटते."

"मी प्रार्थना करू काय?"

"कर. तुले बरं वाटते."

मी त्याच्या डोक्यावर हात ठेवला, डोळे मिटले आणि सुरू केलं. आईबाबांचं नाव घेतलं. रेतीवरच्या सकाळींची आठवण करून दिली, देवाला आणि लच्छूलाही. मला वाटलं, आता हुंदका देईल, आता माझा हात धरेल. मी म्हटलं, "हे बापा, ह्या तुझ्या लेकराला..."

"बाई," लच्छू म्हणाला, "बकरी वांग्यात शिरली."

डोळे उघडले तर खरंच शिरली होती. मी उठले, काठी घेतली, तिला हाकललं. परत येईपर्यंत ललितानं ताटं आणली होती. लच्छूनं विचारलं, "झालं काय तुहं?"

"राहिलं थोडं."

"राहू दे. भात गरम हाय, जेवून जा."

तो डाव्या हातानं घास घेऊन जेवायला लागला. आधी मान खाली घालणं नाही, काही नाही. ललितानंही घेतलं. मी ताटासमोर बसून मनात देवाचे आभार मानले, माझ्या वाटचे मानले, मग त्या दोघांच्या वाटचेही मानले. दुसऱ्याच्या वाटचे आपण मानलेले चालतात काय, हे पाळकांना विचारायचं म्हणते, पण विचारत नाही. ते नाही म्हणाले तर मग मी रविवारी प्रार्थनाघरात जाऊन काय करू?