मोतिया साटीनचा गाऊन

आमच्या घरात खाकी आणि निळ्याशिवाय तिसरं कापड फारसं यायचं नाही. काका आणि त्यांचा मुलगा, म्हणजे आमचा दादा, शाळेच्या गणवेशांचा कारखाना चालवायचे. वडील गेल्यापासून आई, ताई आणि मी त्यांच्याच घराच्या वरच्या मजल्यावर राहत होतो.

ताई पुण्याला फॅशन डिझाइन शिकली आणि परतली ती डोक्यात जुनं हॉलिवूड घेऊनच. मोबाइलवर कृष्णधवल चित्रपट मधेच थांबवून ती नायिकांच्या पाठीवरच्या चुण्या मोठ्या करून बघायची. तेव्हाचे डिझायनर कापड सरळ न कापता उरेब, म्हणजे तिरकं कापायचे. त्यामुळे बाई वळली की कापडही तिच्याबरोबर वळतं, हे तिनं मला इतक्यांदा सांगितलं होतं की झोपेतही सांगता आलं असतं.

एका महिला मंडळानं फॅशन शो ठरवला, तेव्हा ताईनं मोतिया साटीनचा गाऊन शिवला. पुढून गळा बंद, मागून पाठ कमरेपर्यंत उघडी, हातात कोपराच्या वरपर्यंत मोजे. घालणार होते मी. तालमीचा कुणीतरी काढलेला व्हिडिओ नातेवाइकांच्या ग्रुपवर पडला आणि दुसऱ्याच दिवशी दुपारी दादा वर आला.

मी गाऊन घालून स्टुलावर उभी होते. ताई खाली बसून घेर टाचत होती. तोंडात टाचण्या होत्या.

"काय करायलीस हे? घरातल्या पोरीला नागडं करून नाचवतीस?"

ताईनं टाचण्या हातावर काढल्या. "दादा, शांतपणे बोल. खाली जा आधी."

त्यानं टेबलावरची लोखंडी मीटरपट्टी उचलली आणि तिच्या कानशिलावर घातली. ती तशीच कलंडली. त्यानं पुन्हा मारलं, खांद्यावर, मग हातावर. मी ओरडत स्टुलावरून उतरले तर त्यानं माझ्या कमरेजवळचं कापड मागून मुठीत धरलं, दुसऱ्या हातानं कापायची कात्री उचलली आणि गाऊन अंगावरच कापायला लागला. मी सुटायला वळले. कात्रीचं टोक कमरेच्या वर घुसलं. आधी दुखलंच नाही, फक्त गरम वाटलं. साटीन भराभर लाल व्हायला लागलं आणि ते बघून त्याचा हात क्षणभर थांबला. पण कात्री त्यानं सोडली नाही.

आई स्वयंपाकघरातून धावत आली. चिडली की ती कन्नडवरच जायची. "बिडो अकिन्न! सोड तिला!" म्हणत तिनं त्याचे केस धरले. त्यानं तिला असं ढकललं की ती शिलाई मशीनवर जाऊन आपटली.

ताई उठली होती. तिच्या कानातून रक्त येत होतं. इस्त्री चालूच होती. तिनं ती उचलली आणि कात्री धरलेल्या त्याच्या हातावर दाबली. दादा गुरासारखा ओरडला. कात्री पडली तरी ताईनं इस्त्री लगेच काढली नाही. मी ते बघत होते आणि मनात म्हणत होते, आणखी, आणखी दाब. मला स्वतःची भीती वाटली ती नंतर, रिक्षात.

काका आमच्याबरोबर सरकारी दवाखान्यात आले. वाटेत आईला समजावत होते, "पोरगी मशीनवर पडली म्हणून सांगा की. घरातलं घरात राहू दे." त्यांच्यासमोर आई कधी मान वर करून बोललेली मी पाहिली नव्हती. डॉक्टरांनी विचारलं, "हे कसं झालं?"

"पुतण्यानं कात्री मारली," आई म्हणाली. "मोठीला पट्टीनं मारलं. लिहून घ्या, पोलिसांना कळवा."

काका तिथूनच निघून गेले.

मला टाके पडले. ताईच्या डाव्या कानाचा पडदा फाटला होता, तो कान अजून नीट ऐकत नाही. दादानंही उलट तक्रार केली. अक्कलकोटचे मामा मिटवायला आले, दोन वेळा जेवले आणि आईचा नकार घेऊन परत गेले. आम्ही भाड्याच्या खोल्यांत राहायला गेलो. तिथं बाहेरच्या खोलीत ताई गाऊन शिवते. लग्नाच्या रिसेप्शनसाठी मुली येतात, लांबच्या वैराग गावाहूनसुद्धा. शिवताना कुणी मागून आलं की ती दचकून कात्री घट्ट धरते.

कोर्टात आईची उलटतपासणी झाली तेव्हा दादाच्या वकिलांनी विचारलं, "मुलीची पाठ पूर्ण उघडी होती, हे खरं आहे का?"

"व्हय," आई म्हणाली. "म्हणून तर कात्री कुठं लागली ते मला लगेच दिसलं."

दादा समोरच्या बाकावर पूर्ण बाहीचा शर्ट घालून बसला होता. माझ्याकडे त्यानं एकदा बघितलं. मीही त्याच्याकडे बघत राहिले. शेवटी त्यानंच नजर वळवली. पुढची तारीख मिळाली. बाहेर ऊन मी म्हणत होतं. ताईला संध्याकाळी एक मखमली गाऊन द्यायचा होता, म्हणून आम्ही थेट घरी गेलो.