मंठ्याच्या विहिरी पडद्यावर

जालन्यात बियाण्यांच्या एका दुकानावरच्या दोन खोल्यांत दाजींचा कॉम्प्युटर क्लास चालायचा. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. पाझर तलावांच्या कामांवर बरीच वर्षं काढलेला हा डिप्लोमावाला माणूस नकाशा समोर आला की जेवण विसरायचा. मी तेव्हा नुकतीच इंजिनिअर होऊन भोकरदनला घरी आले होते. नोकरीसाठी पुण्याला धाडायचं का, यावर घरात खल चालला असतानाच दाजींचा फोन आला.

"मंठ्याच्या सरकारी हापिसाचं काम मिळालं! सगळ्या तालुक्याच्या विहिरी नकाशावर दाखवायच्या, कॉम्प्युटरवर. गावावर बोट ठेवलं की तिथल्या विहिरी दिसल्या पाह्यजेत. तू जल्दी ये."

मी दुसऱ्या दिवशीच्या पहिल्या एसटीनं जालना गाठलं. पुण्याचा विषय त्यानंतर कुणी काढला नाही.

कामाची वाटणी सरळ होती. दाजींनी गावांच्या शिवारांच्या हद्दी पडद्यावर काढायच्या. बाजूच्या खोलीतल्या, वायरीनं जोडलेल्या कॉम्प्युटरवर आक्कानं, म्हणजे माझ्या बहिणीनं, प्रत्येक विहिरीची माहिती भरायची: गाव, जागा, खोली, पाणी किती. आणि त्या माहितीच्या साठ्यातून, म्हणजे डेटाबेसमधून, विहिरी उचलून नकाशावर आणायचं काम माझं. पहिल्यांदा एका गावची विहीर निळा ठिपका होऊन पडद्यावर उमटली तेव्हा मी टाळ्याच वाजवल्या. खालचा दुकानदार जिना चढून विचारायला आला, काय झालं म्हणून.

खरा प्रश्न पुढेच होता. सगळ्या तालुक्याची माहिती उचलायची कशी? मला वाटे, डेटाबेसची फाईल आपणच थेट उघडावी आणि वाचावी. मध्ये कुणी नको. दाजींचा कल ओडीबीसीकडे. हा एक मधला दुवा असतो. आपण त्याला विचारायचं, तो डेटाबेसला विचारतो आणि उत्तर आणून देतो. डेटाबेस कुठलाही असो, आपली विचारायची भाषा तीच.

"उद्या हापिसानं डेटाबेस बदलला, मंग?" दाजी म्हणाले. "सगळं पुन्हा लिहीत बसणार का तू?"

"पण दाजी, तुमचा हा मधला माणूस किती हळू चालतो! नकाशा उघडेपर्यंत साहेब चहा पिऊन येतील."

"मंग दोन्ही करून बघू. तू तुझं लिही, मी माझं लिहितो."

ते दिवस आठवले की अजून अंगात तरतरी येते. आम्ही दोघं पाठीला पाठ लावून बसायचो. एकमेकांच्या पडद्याकडे चोरून बघायचो. वीज गेली की गच्चीत उभं राहून तोंडानं प्रोग्राम लिहायचो. आक्का म्हणायची, तुम्ही दोघं जेवतानाही भांडताय आणि तेही असल्या भाषेत की मला कुणाची बाजू घेता येत नाही.

दोन्ही प्रोग्राम तयार झाले. माझा नकाशा डोळ्याची पापणी लवायच्या आत भरला. दाजींचे ठिपके मात्र एकेक करत, रांगेत उभे असल्यासारखे येत राहिले. मी हवेत होते. पण तेवढ्यात आतून आक्काचा आवाज आला.

"अगं, काय केलंस तू? माझं काहीच सेव्ह होऊन न्हाई राह्यलं!"

माझ्या प्रोग्रामनं फाईल अडवून धरली होती. मी वाचत असेतो तिला लिहिता येत नव्हतं. मग फाईल मोकळी ठेवून वाचायचा प्रयत्न केला, तर आक्कानं नुकतीच भरलेली विहीर भलत्याच गावात जाऊन बसली. दोन दिवस मी त्याच्याशी झटापट केली. एक दुरुस्त करावं तर दुसरं बिघडे.

कंटाळून मी दाजींचा प्रोग्राम वाचायला घेतला. तो इतका हळू का, ते तरी कळू दे म्हणून. वाचता वाचता मी ताडकन उठले.

"दाजी, तुम्ही एकेका विहिरीसाठी वेगळं विचारताय!"

"मंग?"

"एकदाच विचारा ना! पडद्यावर नकाशाचा जेवढा चौकोन दिसतोय, त्याच्या आतल्या सगळ्या विहिरी दे, एवढंच. तालुकाभराच्या कशाला, आणि एकेक तर कशाला?"

दाजींनी आपल्या पडद्यावरच्या ओळींवरून एकदा बोट फिरवलं. मग खुर्ची सोडून म्हणाले, "बस इथं. लिही."

मी लिहिलं. त्यांनी बटण दाबलं. सगळे ठिपके एकदम उमटले, मूठभर निळे दाणे फेकावेत तसे. नकाशा सरकवला, नव्या गावच्या विहिरी आल्या. आतून आक्का ओरडली, "माझं सेव्ह झालं!" दाजी लहान मुलासारखे म्हणाले, "बंद कर. पुन्हा चालव." मी पुन्हा चालवला. पुन्हा तेच. आम्ही किती वेळा तो बंद करून उघडला, कुणास ठाऊक. माझा प्रोग्राम मी आनंदानं पुसून टाकला.

मंठ्याला आम्ही तिघंही एसटीनं गेलो. कॉम्प्युटर दाजींच्या मांडीवर, पडदा माझ्या. आक्काच्या पिशवीत वायरी आणि दशम्या. हापिसातल्या साहेबांनी आमच्या विहिरी पाहिल्या, मान हलवली आणि म्हणाले, "आमच्याकडं विहिरींच्या यंदाच्या पाण्याची नोंद आहे, ती दाखवा की यात." त्यांची नोंद निराळ्याच डेटाबेसमध्ये होती. आता सगळं पुन्हा लिहावं लागणार, असं मला वाटलं. दाजींनी मात्र शांतपणे त्यांची फाईल घेतली, ओडीबीसीत नवा पत्ता भरला, आमच्या प्रोग्राममधली रकान्यांची दोन नावं बदलली आणि नकाशा उघडला.

विहिरी आल्या! फक्त गावांच्या नावांच्या जागी चिन्हांचा गिचमिड काला. आमचा मराठी फॉन्ट वेगळा, त्यांचा वेगळा. सगळं हापिस हसलं, आम्हीही हसलो. त्यांचा फॉन्ट फ्लॉपीवरून आमच्या कॉम्प्युटरवर उतरवून घेतला आणि नावं सरळ झाली. मग जो तो आपापलं गाव दाखवा म्हणू लागला. खुर्चीमागं ही गर्दी. साहेब स्वतः बोटानं दाखवत होते, "इथं जा, आता खाली, बराबर, हीच! आमच्या मळ्यातली!"

काम पसंत पडलं. पुढं बदनापूरचं आलं, भोकरदनचंही आलं, आणि त्याच प्रोग्रामवर आम्ही कितीतरी वर्षं काढली.

त्या दिवशी मंठ्याच्या स्टँडवर आक्कानं दशम्या सोडल्या. दाजी कागदाच्या कपट्यावर नद्या काढू लागले. विहिरींना ठिपका पुरतो, पण नदी तर लांबलचक रेघ, ती डेटाबेसमध्ये ठेवायची कशी आणि मागायची कशी? मी त्यांच्या हातातलं पेन घेतलं. आम्ही इतके रंगलो की जालन्याची गाडी लागली, भरली आणि सुटली. तिच्यामागं ओरडत पळाली ती एकटी आक्का.