पाच एकर, नऊ थैल्या

त्या उन्हाळ्यात मी नोकरीला लागले आहे असं आमच्या घरात फक्त एका माणसाला वाटत होतं, आणि तो माणूस मी नव्हते. लॉकडाऊनमुळे कोणी घरी येत नव्हतं, पण फाटकाबाहेरून कोणी आवाज देऊन चौकशी केली की बाबा सांगायचे, "पोट्टी कामावर हाय, वरतं." वरतं म्हणजे स्लॅबवर. आमच्या आंजीतल्या घरात मोबाइलला धड रेंज यायची ती तिथेच, पाण्याच्या काळ्या टाकीच्या आडोशाला. आईनं टाकीपासून कठड्यापर्यंत एक जुनी चादर बांधून दिली होती. मे महिन्यात त्या चादरीखाली बसणं म्हणजे काय ते वर्धेकडच्या माणसाला सांगायला नको. डोक्याला ओला दुपट्टा बांधून मी काम करायचे. दुपारी फोन तापून बंद पडला की खाली जाऊन माठाच्या तिवईपाशी ठेवायचे, आणि तो निवेपर्यंत स्वतःही कूलरसमोर निवायचे.

मी वर्ध्याला बी.एस्सी. करत होते, संख्याशास्त्र घेऊन. दुसरं वर्ष संपत आलं होतं आणि एके दिवशी होस्टेल रिकामं करा म्हणाले. एक बॅग घेऊन घरी आले ती तिथेच राहिले. परीक्षा आधी पुढे गेली, मग आणखी पुढे गेली, मग होणार की नाही हेच कोणाला माहीत नव्हतं. कॉलेजनं तेवढ्यात ऑनलाइन करिअर मार्गदर्शन सुरू केलं. एका आठवड्यात बँकेचे साहेब आले आणि म्हणाले, भविष्य बँकेचंच आहे. पुढच्या आठवड्यात डेटावाले आले, त्यांनी भविष्य आपल्याकडे घेतलं. मग स्पर्धा परीक्षावाले. प्रत्येक व्याख्यानानंतर मला तेच पटायचं, आणि वहीत मी आधीचं खोडून नवं लिहायचे. शेवटी एक फॉर्म आला. त्यात विचारलं होतं, पाच वर्षांनी तुम्ही स्वतःला कुठे बघता? मी प्रामाणिकपणे लिहिलं, स्लॅबवर. मग भीती वाटली आणि खोडून "डेटा क्षेत्रात" असं लिहिलं.

अशात आमच्या सरांनी ग्रुपवर एक लिंक टाकली. पुण्याची एक कंपनी शेतकऱ्यांना फोनवरून पिकांचा सल्ला द्यायची आणि तिला दोन महिन्यांसाठी तीन विद्यार्थी हवे होते, घरूनच काम करणारे. मी शेतकऱ्याची मुलगी, वऱ्हाडी बोलते, एवढं लिहिलं आणि निवड झाली. बाकीच्या दोघींतली एक पुण्याची होती, एक कोल्हापूरची. दोन महिन्यांनी तिघींपैकी एकीला, पदवी झाल्यावर रुजू व्हायचं, असं पत्र मिळणार होतं. मला ते पत्र हवं होतं. त्या कामाची फार ओढ होती असं नाही. कोणीतरी माझ्या वतीनं ठरवून टाकलं असतं आणि वहीतली खोडाखोड एकदाची थांबली असती, म्हणून हवं होतं.

आमच्यावर देखरेख करणारा मुलगा माझ्यापेक्षा फार तर चार वर्षांनी मोठा असेल. पहिल्याच दिवशी त्यानं सांगितलं, सर वगैरे नको, मला नावानं हाक मारा. आता वरिष्ठाला नावानं हाक मारणं आमच्याकडे जिभेवर येत नाही, आणि सर म्हटलं तर तो हसायचा. म्हणून दोन महिने मी त्याला कशानंच हाक मारली नाही. काही विचारायचं असलं की "हॅलो, आवाज येतोय का?" असं सुरू करायचे. त्याला वाटत असावं की माझी रेंज फारच वाईट आहे.

जून उजाडला, पेरण्या झाल्या आणि आमचं खरं काम सुरू झालं. शेतकऱ्यांना फोन करून कोणी काय पेरलं ते विचारायचं आणि फॉर्म भरायचा. फोन कंपनीच्या अ‍ॅपवरून लागायचा. स्क्रीनवर नाव नाही, नंबर नाही, नुसता एक अनुक्रमांक. समोरच्याला आधी सांगायचं की हा कॉल रेकॉर्ड होतो आहे. तो लागला की मध्येच कापायचा नाही, हा सक्त नियम.

पुण्याच्या मुलीला एक कॉल संपवायला पाऊण तास लागायचा. तिला बोली कळत नव्हती आणि लोकांना ती कळत नव्हती. मला मात्र मजा यायला लागली होती. आधी पाण्यापावसाचं विचारायचं, मग जेवण झालं का, मग बैल कसे आहेत, आणि त्यानंतर माणूस आपणहून सगळं सांगतो. एकदा फोन एका बाईनं उचलला. घरधनी गेल्या महिन्यात दवाखान्यातून परत आलेच नाहीत, म्हणाली, आणि मग मलाच विचारलं, "तुमी लिवता का ते?" फॉर्ममध्ये त्यासाठी रकाना नव्हता. मी हो म्हटलं आणि कुठेच काही लिहिलं नाही. त्या दिवशी पुढचा कॉल मी केला नाही.

फॉर्ममधला मुख्य रकाना होता कपाशीचं क्षेत्र, एकरांमध्ये. पण आमच्याकडे कपाशी किती लावली असं विचारलं तर कोणी एकर सांगत नाही. चार थैल्या, सहा थैल्या, असं सांगतात. थैली म्हणजे बियाण्याचं पाकीट. एका थैलीत एक एकर होतो हे आमच्याकडे शाळेतल्या लेकरालाही माहीत असतं. एका मीटिंगमध्ये पुण्याची मुलगी म्हणाली, "लोक थैल्या सांगतात, मला काही कळत नाही." मी माइक चालू केला आणि ऐटीत सांगितलं, "एक थैली, एक एकर. विचारत बसू नकोस, सरळ लिही." ती म्हणाली, "मी आपली विचारून घेते गं." मला हसू आलं. देखरेख करणारा मात्र खूश झाला. मीटिंग संपल्यावर त्यानं मला थांबवून सांगितलं की माझे कॉल तिघींत सर्वांत जास्त झालेत आणि पत्राचं जवळजवळ ठरल्यासारखंच आहे. त्या दिवशी मी जिना दोन-दोन पायऱ्या करत उतरले. बाबांना सांगितलं नाही, पक्कं झाल्यावर सांगणार होते.

जुलैच्या सुरुवातीची दुपार. आभाळ भरून होतं, पाऊस नव्हता. मी अ‍ॅपवर पुढचा क्रमांक दाबला आणि कानात रिंग वाजायला लागली. त्याच वेळी खाली अंगणातही रिंग वाजायला लागली. कानातली थांबली तशी अंगणातलीही थांबली.

"हालो," बाबांचा आवाज दोन्हीकडून आला.

माझं बोट लाल बटणावर गेलं. कॉल कापायचा नाही. रेकॉर्ड चालू. त्यांच्या फोनवर कंपनीचाच अनोळखी नंबर दिसत असणार. मी आवाज होईल तितका बारीक केला आणि पाठ झालेलं पुस्तकी मराठी बोलायला लागले, "नमस्कार, हा कॉल रेकॉर्ड होतो आहे. आपल्या पिकांविषयी थोडी माहिती हवी होती. आपण बोलू शकता का?"

"बोला ना मॅडम," बाबा म्हणाले. "आत्ताच वावरातून आलो. पाय धुऊन राह्यलो."

त्यांनी मला ओळखलं की नाही ते मला कळेना. आवाज तर अगदी गंभीर होता. ओलित आहे का, सोयाबीन किती, तूर किती, असं विचारत मी कपाशीवर आले. "कपाशी किती लावली आहे?"

"नऊ थैल्या."

पंधरा दिवसांच्या सवयीनं माझ्या बोटानं नऊ टाइप केले. आणि मग तिथेच थांबलं. कपाशीचं आमचं वावर पाच एकरांचं आहे. लहानपणापासून मी त्या वावराच्या चारही धुऱ्यांवरून, बांधांवरून, चालले आहे. नऊ एकर आणायचे कुठून? मग आठवलं. जूनच्या मध्यावर पावसानं दडी मारली होती, निघालेली रोपं वाळली होती आणि बाबांनी चार एकरांत दुबार पेरणी केली होती. हे मी घरात राहून, जेवताना अर्ध्या कानानं ऐकलं होतं. रिकाम्या थैल्या बाबा टाकत नाहीत, सुतळीत ओवून खाटेखाली ठेवतात. त्या वर्षी ती माळ लांब झालेली मी केर काढताना पाहिलीसुद्धा होती. पाच आणि चार, नऊ. आणि आमच्या भागात दुबार पेरणी काय एकट्या बाबांनी केली होती? मी इतके दिवस फोनवर लोकांची दुप्पट झालेली पेरणी दुप्पट जमीन म्हणून लिहीत होते. पुढचा फवारणीचा सल्ला कंपनी त्याच आकड्यांवरून देणार होती.

फोनवर बाबा वाट बघत होते. शेवटचा प्रश्न उरला होता. तो मी यंत्रासारखा वाचला, "आपल्या मुलांनी पुढे शेती करावी असं आपल्याला वाटतं का? हो, नाही, की सांगता येत नाही?"

खाली नळ बंद झाल्याचा आवाज आला.

"आमची एक पोट्टी हाय, मॅडम," ते म्हणाले. "दोन महिने झाले, वरतं बसून राह्यते. काय करते थे मले समजत नाई. मले वाटते तिलेबी समजत नाई. पण कोणी इचारलं तं मी सांगतो, कामावर हाय. तुमी तिसरं लिवा. सांगता येत नाई." मग म्हणाले, "अन् मॅडम, खाली येजा अन् जेवून घेजा. भाजी थंडी होऊन राह्यली."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि हसूही आलं. मी नियमाप्रमाणे "आपला दिवस चांगला जावो" म्हटलं आणि खाली गेले.

ताटावर बसल्यावर आईनं विचारलं कोणाचा फोन होता. "पुण्याच्या मॅडमचा," बाबा भाकरी मोडत म्हणाले. माझ्या डोक्यात मात्र ते नऊच होते. मी विचारलं, "बाबा, तुमी नऊ थैल्या काऊन सांगतल्या? आपलं तं पाचच एकर हाय."

"थैल्या नऊच लागल्या."

"पण एकर पाच हाय ना!"

"एकर कोणी इचारले?" बाबा शांतपणे म्हणाले. "इचारले असते तं सांगतले असते."

दुपारभर मी टाकीपाशी नुसती बसून राहिले. सांगितलं नसतं तर कोणाला कळणार होतं? कंपनीत एकालाही थैली म्हणजे काय ते माझ्याशिवाय कोणी सांगितलं नव्हतं. पत्र हाताशी आलं होतं. पण माझ्या त्या यादीत आता माझेच बाबा होते, नऊ एकरांचे मालक होऊन बसलेले, आणि तो आकडा मला बघवेना. संध्याकाळी मी मीटिंगमध्ये "हॅलो, आवाज येतोय का?" असं म्हटलं आणि सगळं सांगून टाकलं.

देखरेख करणारा रागावला नाही, त्याचंच जास्त वाईट वाटलं. त्यानं फक्त विचारलं, "म्हणजे तू कोणालाच एकर विचारले नव्हतेस?" मी मान हलवली. कॅमेरा बंद होता हे नंतर लक्षात आलं, मग तोंडानं नाही म्हटलं. पुण्याच्या मुलीचे फॉर्म तपासले. कॉल थोडेच होते, पण तिनं प्रत्येकाला एकर विचारले होते आणि सगळे बरोबर होते. पुढच्या आठवड्यात पत्र तिला मिळालं. मला उरलेल्या दिवसांत सगळे कॉल पुन्हा करायला सांगितले.

ते मी केले. लोक हसले, एक-दोघं वैतागले. शेवटून तिसऱ्या क्रमांकावर पुन्हा तीच रिंग अंगणात वाजली.

"नमस्कार," मी म्हटलं. "मागच्या वेळी एक गोष्ट विचारायची राहिली होती. कपाशीचं क्षेत्र किती एकर आहे?"

"पाच."

मी पाच लिहिले. काम संपलं होतं, फोन ठेवायला हवा होता. तेवढ्यात बाबा म्हणाले, "मॅडम, माहा एक सवाल हाय. थे नोकरीचं झालं का?"

त्यांना ते कुठून कळलं मला माहीत नाही. स्लॅबवर बोललेलं अंगणात ऐकू जात असणार. कॉल रेकॉर्ड होत होता, तरी माझा आवाज पार घरचा झाला. "नाई झालं, बाबा."

"बरं. खाली ये."

बाबा नळापाशी उभे होते, फोन अजून हातातच. ते म्हणाले, "इतके दिवस मी तुले इचारलंच नाई. मले वाटे, शिकलेली पोट्टी, तिले मालूम असन. तं आता इचारतो. तुले काय कराचं हाय?"

बँकवाले, डेटावाले, स्पर्धा परीक्षावाले सगळे एका क्षणात डोक्यातून जाऊन आले. "सांगता येत नाई," मी म्हटलं, आणि एवढ्या महिन्यांत पहिल्यांदा मला ते म्हणताना लाज वाटली नाही.

"चालते," बाबा म्हणाले. "उद्या पुन्हा इचारतो."

दुसऱ्या दिवशी वावरात जाण्याआधी त्यांनी खरंच विचारलं.