आईची लाल गाडी

काल जुन्या लॅपटॉपचा पंखा घरघरला, तापलेल्या धुळीचा वास आला आणि राजधानीतल्या द्वारकेच्या फ्लॅटमधली मे महिन्यातली ती दुपार आठवली. आई नुकतीच पुण्याहून कायमची आमच्याकडे आली होती आणि कूलरसमोर पाय वर घेऊन तिच्या गाड्यांच्या शर्यतीच्या गेमची वाट बघत होती. गेम विंडोजवर चालणारा, माझ्या लॅपटॉपवर मात्र लिनक्स ही दुसरीच प्रणाली. "इसमें नहीं चलेगा मॅडम, नया ले लो," असं मार्केटमधला दुकानदार म्हणाला होता, म्हणून मी हट्टालाच पेटले होते. असे बाहेरचे गेम चालवणारा लाँचर नावाचा प्रोग्रॅम टाकला, आईच्या सीडीवरचा गेम त्यात जोडला, तो इन्स्टॉलही झाला. पण सुरू करायला गेलं की पुन्हा पहिल्यापासून इन्स्टॉल व्हायला लागायचा. आई वैतागून म्हणाली, "एकदा राहायला आलाय ना, मग परत परत सामान काय लावतोय?" तेव्हा माझी ट्यूब पेटली. लाँचरला मी गेमऐवजी अजून सेटअपचीच, म्हणजे इन्स्टॉल करणारीच, फाईल दाखवत होते. ती बदलली आणि स्क्रीनवर लाल गाडी गुरगुरली. संध्याकाळी सोसायटीच्या बाकावर आई सगळ्यांना सांगत होती, "दुकानवाला नहीं बोला, पर मेरी लडकी ने चलाया ना." बाहेरच्या गेमला लाँचरमध्ये पोस्टर नसतं, नुसता करडा चौकोन दिसतो. तिथे मी आईचा फोटो लावला. आज त्या लाँचरमध्ये महागड्या गेम्सची चकचकीत पोस्टर्स आहेत, पण पहिल्या रांगेत चष्मा सावरणारी आईच आहे, आणि तिचा रेकॉर्ड मला अजून मोडता आलेला नाही.