पणत्यांचं प्रमेय

माझ्या साडूंइतका चिवट माणूस अख्ख्या नवी मुंबईत दुसरा नसेल. हिशेब तपासण्यात हयात गेलेली असूनही हे मी न तपासता लिहितो. ऐरोलीत आमच्याच मजल्यावर, शेजारच्या फ्लॅटमध्ये राहणारे हे गणिताचे निवृत्त प्राध्यापक लिफ्टमध्ये कुणीही भेटो, एकच विषय काढत: सेल्युलर ऑटोमाटा. "पटावरच्या प्रत्येक घरानं फक्त शेजारच्या घरांकडे बघून आपली पुढची स्थिती ठरवायची. बस्स!" पुढे प्रमेय येई. दोन रचनांमधला मोजक्या घरांचाही फरक नियम पुसत नसेल, तर कुठलीही रचना त्यातून घडते. पुसत असेल, तर काही रचना कधीच घडत नाहीत. मात्र हे 'अमेनेबल' जगातच खरं, म्हणजे जिथे पसारा वाढला की त्याच्या मानाने काठ नगण्य होतो. एका मुंजीत त्यांनी माझ्या ताटात वाटाणे मांडून हा काठ समजावला; वाढपी दोनदा मठ्ठा घेऊन परत गेला. "वंशवृक्षात बघ, प्रत्येकाला तीन मुलं धर. शेवटची पिढीच आधीच्या सगळ्यांहून मोठी! नुसता काठच काठ. तिथे प्रमेय कोसळतं." मी मान डोलवायचो. "डोलवू नकोस, समजून घे," म्हणून ते पुन्हा पहिल्यापासून सुरू.

लेकीकडे बंगळूरला कायमचं जायचं ठरलं, तेव्हा त्यांनी निर्धार केला: जाण्याआधी निदान मला तरी हे कळलंच पाहिजे. दिवाळीच्या संध्याकाळी त्यांनी इमारतीतल्या सगळ्या बाल्कन्या कामाला लावल्या. शिट्टी वाजली की आपली धरून वर-खाली, डावी-उजवीकडच्या पेटत्या पणत्या मोजायच्या; विषम भरल्या तर आपली पेटती ठेवायची, नसली तर लावायची, सम भरल्या तर विझवायची. यात काहीच पुसलं जात नाही, हे त्यांना दाखवायचं होतं. स्वतःच्या बाल्कनीत एकच पणती लावून ते शिट्टी घेऊन खाली माझ्याशेजारी येऊन उभे राहिले.

पहिल्या शिट्टीला भोवतालच्या चार पणत्या पेटल्या. दुसरीला त्या चारही विझायच्या होत्या. त्यातली एक आमची.

"सणासुदीला पणती विझवू?" वरून आमची ही कडाडली. "भाऊजी, तुमचं गणित ठेवा तिकडे!"

बाकीच्या तिघींनीही विझवली नाही. उलट शेजारी उजेड दिसला की जो तो आपली लावत सुटला. बघता बघता सगळी इमारत उजळली. साडूंची शिट्टी हातातच राहिली.

"नियमच बदलला रे," ते पुटपुटले.

आणि मला कळलं. "साडूभाऊ, आता सुरुवात कुठूनही केली असती, तरी शेवट हाच. म्हणजे फरक पुसले गेले."

"मग काय घडणार नाही?" ते एकदम ताठ झाले.

"भोवती अंधार असलेली एकटी पणती. या नियमानं पेटलेली कुठलीही पणती शेजारणीला घेऊनच पेटते."

"मग एकटी येते कुठून?"

"ती कुणीतरी आधी लावावी लागते."

त्यांनी माझा खांदा घट्ट दाबला. पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं नाही.

यंदाच्या दिवाळीत साडू बंगळूरला होते, आणि अंधार पडला तरी सगळ्या बाल्कन्या एकमेकींकडे बघत काळ्याच राहिल्या होत्या. मग मी उठलो, आणि आमची लावली.