बॅटरीत पाणी होते

“आधी ऊब बघा, मग आकडा.”

शिरूर-दौंड भागातल्या ज्या हौशी रेडिओवाल्याने आप्पांचे हे वाक्य ऐकले नाही, तो खरा हौशी नव्हे असे मी खुशाल म्हणेन. वाक्याआधी त्यांचा हात पुढे येई. तापलेल्या पोराच्या कपाळावर आई ठेवते तसा उलटा पंजा ते यंत्राच्या पत्र्यावर ठेवत, क्षणभर डोळे मिटत आणि मगच चष्मा चढवत. यंत्र गार लागले, तर ते घेऊन येणाऱ्याला बाकावर बसवून ठेवत.

“तापू दे त्याला. तुम्हाला झोपंतनं उठवून कुणी पाढे इचारले तर येत्याल का?”

हा माणूस आपल्यापैकी अनेकांनी पाहिला आहे. म्हणूनच आमच्या हौशी मंडळाने मध्यंतरी काढलेल्या स्मरणिकेत त्यांच्याविषयी जे अर्धे पान छापले गेले, ते वाचून मला गप्प बसवेना. त्यात लिहिले आहे की, वय झाल्यामुळे आप्पांचे बॅटरीच्या पाण्याकडे दुर्लक्ष झाले आणि भारनियमनात प्रमाणयंत्र बंद पडले. हे विधान खोटे आहे. केंदूरचे आमचे गुरुजी याहून पुढे जातात. त्यांच्या मते आप्पांनी रागाच्या भरात यंत्र स्वतःच बंद केले. तेही खोटे आहे. या मंडळींपैकी त्या दिवशी दौंडला कोणी नव्हते. मी होतो.

आधी यंत्राविषयी. पुण्यातल्या एका कारखान्याच्या मोजमाप विभागात आप्पांनी हयात घालवली होती. नव्वदीच्या दशकात कारखाना बंद पडला आणि विभागातले सामान मोडीत निघाले. त्यात हे प्रमाणयंत्र होते. दिसायला शिवणयंत्राच्या पेटीएवढे, राखाडी रंगाचे. आत गारगोटीच्या स्फटिकाची एक चकती, आणि ती चकती एका लहानशा भट्टीत अखंड एकाच उबेवर ठेवलेली. ती ऊब टिकली, तर स्फटिकाची कंपने इतकी एकसारखी पडतात की त्यांवरून इतर यंत्रे लावता येतात. ऊब मोडली, की कंपने जागा सोडतात. पुन्हा तापवल्यावर स्फटिक स्थिरावतो खरा, पण जुन्या जागेवर नव्हे, तिच्या आसपास कुठेतरी. ती नवी जागा नेमकी कोणती, हे सांगायला दुसरे, त्याच तोलाचे प्रमाण लागते. आमच्या दोन तालुक्यांत असे दुसरे यंत्र नव्हते. दिल्लीहून लघुलहरींवर येणारा प्रमाणसंकेत पूर्वी ऐकू येई, त्यावर आप्पांनी हे यंत्र महिनोन्‌महिने ताडून पाहिले होते. पुढे तो संकेत आमच्याकडे ऐकू येईनासा झाला. तेव्हापासून या यंत्राची सगळी पत त्याच्या अखंडपणात होती. ते कधी बंद पडले नव्हते, एवढेच त्याचे प्रमाणपत्र.

म्हणून आप्पांनी ते मोडीतून उचलले तेही चालूच. ट्रकची बॅटरी जोडली, यंत्र मांडीवर घेतले, बॅटरी पायांत ठेवली आणि एसटीने शिरूरला आले. कंडक्टरने विचारले, “मामा, ह्या पेटीत काय हाय?”

“गरम हाय. हात लावू नका.”

“जेवान हाय व्हय?”

“व्हय. पन तुमच्या पोटाला सोसायचं न्हाई.”

शिरूरला त्यांनी घराच्या पडवीत बाक टाकला आणि मग माणसे येऊ लागली. केंदूरहून गुरुजी आले, न्हावऱ्याहून टीव्ही दुरुस्त करणारा आला, कवठे येमाईहून दुधाच्या गाडीबरोबर कोणी मोजयंत्र धाडले. आमची सगळी सामग्री जुन्या बाजारातली. कुणाचा कंपने मोजणारा आकडेमोजक अर्धे आकडे दाखवी, कुणाच्या चाचणीच्या लहरी सोडणाऱ्या लहरजनकाची मूठ निखळलेली. आज ती यंत्रे पाहून लोक हसतील. पण परवाना घेऊन हवेत संदेश सोडणाऱ्याने आपण नेमके कुठे बोलतो आहोत हे जाणले पाहिजे. नाहीतर तो दुसऱ्याच्या वाटेत उभा राहतो. ती जाणीव आम्हाला आप्पांच्या बाकावरून मिळे.

मिळे ती शिव्यांसकट. “ह्यो आकडेमोजक हाय का कांद्याचा काटा?” हा त्यांचा नेहमीचा टोला. ते नम्र नव्हते. स्वतःच्या कामाची स्तुती ते स्वतःच करत, आणि दुसऱ्याने केली तर ती अपुरी आहे म्हणून दुरुस्त करत. यंत्र जुळले की जुळवणीच्या स्क्रूवर लाखेचा लाल ठिपका ठेवत. “आता ह्याला हात लावायचा न्हाई. लावला तर माझ्याकडं यायचं न्हाई.” तो ठिपका आम्ही पाहुण्यांना दाखवत असू.

मग भारनियमनाचे दिवस आले. शिरूरला वीज येण्यापेक्षा जाण्याची वेळ अधिक पक्की झाली. यंत्र चाले ते बॅटरीवर, वीज लागे ती बॅटरी भरायला; आता ती भरायलाच सवड मिळेना. तेव्हा आप्पांनी निर्णय घेतला. आमचे एक स्नेही रेल्वेत सिग्नलच्या कामावर होते आणि दौंडच्या रेल्वे वसाहतीत राहत. त्यांना आम्ही दौंडकर म्हणत असू. त्यांच्याकडे वीज क्वचितच जाई. प्रमाणयंत्र तिकडे हलवले गेले, पुन्हा चालूच, पुन्हा मांडीवर. बॅटरीची जबाबदारी मात्र आप्पांनी कुणाला दिली नाही. दर आठवड्याला ते न्हावऱ्यावरून जाणाऱ्या एसटीने दौंडला जात, बॅटरीत शुद्ध पाणी घालत, तिची टोके कोमट पाण्याच्या फडक्याने पुसत. टोके सोडण्याआधी शेजारी दुसरी बॅटरी जोडून घेत, हे सांगायला नकोच. मी निवृत्त झालो होतो. अनेकदा त्यांच्याबरोबर गेलो आहे. म्हणून ठामपणे लिहितो की त्या बॅटरीत पाणी होते. नेहमी होते.

दौंडकरांची आई त्यांच्याजवळच असे. कवठे येमाईकडची बाई. तिचे बालपण मेंढरांमागे गेलेले. आप्पा बॅटरी पुसत तेव्हा ती उंबऱ्यात बसून पाहत असे.

“ह्ये कवा निजतंय, आप्पा?”

“निजत न्हाई, आई.”

“आन् खातंय काय?”

“वीज खातंय. आन् आठवड्याला पाणी पितंय.”

“म्हंजी उंटच हाय म्हना की.”

आप्पा हसत. मी त्यांना फारसे हसताना पाहिलेले नाही; म्हणून हे नोंदवतो.

त्या वर्षी दसऱ्याला आम्ही दोघे दौंडला गेलो. सोने द्यायचे आणि पाणीही घालायचे, असा दुहेरी बेत होता. दौंडकर रात्रपाळीहून यायचे होते. आई आम्हाला थेट आतल्या खोलीत घेऊन गेली. भिंतीशी पाट मांडले होते. त्यांवर कोयता, विळी, दौंडकरांचे पाने आणि पक्कड, सुनेचे शिवणयंत्र, सगळे आदल्या दिवशीच्या खंडेनवमीचे हळदकुंकू लावून बसलेले. मधल्या पाटावर प्रमाणयंत्र. त्याला झेंडूची माळ होती. बॅटरीलाही कुंकू लावले होते. दोन्ही टोके सुटी करून, लखलखीत पुसून, तारा व्यवस्थित गुंडाळून बाजूला ठेवल्या होत्या.

“बैलाला पोळा असतोय,” आई म्हणाली, “कोयत्याला खंडेनवमी असती. ह्या बिचाऱ्याला कवाच सुट्टी न्हाई. काल न्हाऊ घातलं त्याला. तुमी करता तसंच, कोमट पान्यानं पुसलं. रातभर कसं गप निजलं बघा.”

आप्पांनी पत्र्यावर हात ठेवला. नेहमी ते क्षणभरात हात काढत. त्या दिवशी त्यांनी तो काढला नाही. मी त्यांच्या मानेकडे पाहत होतो. मला वाटले, आता हा माणूस ओरडेल. सबंध पडवीला हादरवून सोडणारा त्यांचा आवाज मला ठाऊक होता.

“बरं केलंत, आई,” ते म्हणाले. “दमलं व्हतं.”

एवढ्यात दौंडकर आले. सिग्नलची माणसे क्षणात सगळे वाचतात. त्यांचे लक्ष पाटावर गेले, तारांवर गेले, आणि चेहरा उतरला. “आई, अगं तू हे काय...”

“दौंडकर,” आप्पा मध्येच म्हणाले, “ऐका. बॅटरीत पाणी कमी पडलं माझ्याकडनं. मागल्या टायमाला इसरलो. ती उतरलीच व्हती. आईनं नसतं काढलं तरी आज बंदच घावलं असतं.”

“पण आप्पा...”

“श्रीखंड हाय ना? वाढा की मग. उभं काय ऱ्हायलाय?”

आम्ही जेवलो. आईने आप्पांना आग्रहाने पुऱ्या वाढल्या आणि त्यांनी त्या संपवल्या. आपट्याची पाने दिली-घेतली. कोणत्याही खात्यात किंवा कारखान्यात मी असा प्रसंग पाहिला नाही. मला तो अजून गिळवत नाही.

एसटी स्टँडवर मी म्हणालो, “आप्पा, बॅटरी भरलेली होती. मी स्वतः पाहिले आहे.”

“तुमी काय बी बघितलं न्हाई.”

“लोक तुम्हाला निष्काळजी म्हणतील.”

“म्हनू द्या. म्हातारी हाय तवर तोंड उघडायचं न्हाई. तिला कळलं तर ती जेवायची न्हाई.” आणि मग एसटीकडे पाहत, “माझं काय, मी जेवतो.”

मंडळात त्यांनी तेच सांगितले: पाणी कमी पडले, चूक माझी. ज्या माणसाला स्वतःच्या देखभालीचा एवढा अभिमान, त्याने दहा माणसांसमोर हे सांगितले आणि त्या दहांनी ते विनासायास मानले. त्यातले किती जण त्यांच्या शिव्यांचा वचपा काढत होते, ते मी इथे लिहीत नाही. दौंडकर तेव्हा मान खाली घालून बसले. ती त्यांनी आजतागायत वर केलेली नाही. दौंडकरांची आई आता नाही. म्हणून मी हे लिहितो आहे.

यंत्र शिरूरला परत आले. आप्पांनी ते तापवले, आठवडेच्या आठवडे चालू ठेवले. स्फटिक स्थिरावला. पण कुठे? गुरुजींनी सुचवले की आपण सर्वांची मोजयंत्रे एकत्र आणू, सरासरी काढू आणि तिच्यावर प्रमाणयंत्र लावू. सूचना चांगल्या मनाने केली होती आणि ती साफ निकामी होती; आमची सगळी यंत्रे याच यंत्रावरून लावलेली होती आणि आपापल्या परीने तेव्हापासून सरकली होती.

“धा जनांनी अंदाज सांगितला म्हंजी मोजमाप व्हत न्हाई, गुरुजी,” आप्पा म्हणाले. “ही ग्रामसभा न्हाई.”

मग त्यांनी जे केले, त्यालाच गुरुजी राग म्हणतात. एक लहान पाते खिशात घालून ते गावोगाव फिरले आणि प्रत्येकाच्या स्क्रूवरचा आपला लाल ठिपका खरडून आले. न्हावऱ्याला गेले, कवठ्याला गेले, केंदूरला गेले. केंदूरला मी बरोबर होतो.

“आप्पा, राहू द्या हो,” गुरुजी अक्षरशः यंत्रासमोर आडवे झाले. “ठिपका दिसला की समाधान वाटतं.”

“समाधानाला देवळं हायती, गुरुजी. ह्यो ठिपका म्हंजी मी परत तपासून दीन असा माझा शब्द व्हता. आता कशावर तपासू?”

“थोडीफार चूक कुणाच्या लक्षात येणार आहे?”

“न्हाई येनार. म्हनून तर खरडायचा.”

ठिपक्याचा चुरा त्यांनी फुंकून टाकला आणि गुरुजींच्या घरचा चहा नाकारला नाही. राग असा असतो काय, हे गुरुजींनीच सांगावे.

त्यानंतर बाकावर येणारी माणसे कमी झाली. पुढे उपग्रहावरून अचूक वेळ घेणाऱ्या डब्या बाजारात आल्या, आणि आता मंडळातली तरुण मंडळी म्हणतात की ते यंत्र तसेही कालबाह्य झालेच असते. असेल. कालबाह्य होणे वेगळे आणि आपल्या माणसांच्या हातून बंद पडणे वेगळे, एवढेच मी त्यांना सांगतो. ते ऐकून घेतात आणि खिशातल्या फोनकडे पाहतात.

आप्पा त्या दुःखाने गेले, असेही एक भाषण शोकसभेत झाले. तेही मी खोडून काढतो. ते त्यानंतर बरीच वर्षे जगले, व्यवस्थित जेवले, आणि शेवटी मधुमेहाने गेले. दुःखाने गेले असते तर मला ते सोपे वाटले असते.

ठिपके खरडल्यानंतरची, त्यांच्याकडची एक दुपार आठवते. पडवीत आम्ही भुईमुगाच्या शेंगा फोडत बसलो होतो. प्रमाणयंत्र बाकावर थेट विजेवर चालू होते. का ते मी विचारले नव्हते. वीज गेली. पंखा मंदावत थांबला आणि यंत्रावरचा हिरवा दिवा विझला. बॅटरी खाली, हाताच्या अंतरावर, तारेसकट पडलेली होती. मी ताडकन उठलो आणि तारेकडे वाकलो.

आप्पांनी शेंग फोडली, दाणे वाटीत टाकले.

“बसा,” ते म्हणाले. “येईल कवातरी.”