सर्जेतात्यांची मोजणी

आयुष्यात माझ्या नावावर एक गुंठाही नाही, पण मी एकदा दुसऱ्याची जमीन घालवली आहे. चाळीस जीबी.

जमीन सर्जेतात्यांची. पुण्याजवळ मांजरी गावात मी त्यांच्या घरी वरच्या खोलीत भाड्याने राहत होतो. एका रविवारी सकाळी त्यांनी खालून हाक मारली, "इंजिनेर, जरा या. यंत्राला अजीर्ण झालंय." नात संस्कृतीचा शाळेचा प्रोजेक्ट सेव्ह होत नव्हता. लॅपटॉपची सी ड्राइव्ह गच्च भरली होती.

खरं सांगायचं तर हडपसरच्या कंपनीत माझं काम लोकांचे विसरलेले पासवर्ड बदलून देणं, एवढंच होतं. पण यवतमाळकडच्या माझ्या गावी, दिग्रसमध्ये, आणि तात्यांच्या ओट्यावर मी इंजिनिअर. ही पदवी टिकवायची तर 'बघून सांगतो' म्हणून चालत नाही, लगेच काहीतरी करून दाखवावं लागतं. मी करून दाखवलं. विंडोजमध्ये डिस्कचा नकाशा उघडला. सी ड्राइव्हशेजारी चाळीस जीबीचा एक तुकडा पडून होता. त्याला नाव नाही, अक्षर नाही, आणि पुढे चक्क लिहिलेलं, शंभर टक्के मोकळा. अशी बेवारस जागा पुण्याजवळ दिसली की माणूस जे करतो तेच मी केलं. तुकडा काढून टाकला. आता तो सी ला जोडायचा, त्याआधी एकदा बंद करून चालू करू म्हटलं.

चालू झालंच नाही. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं आली, 'ग्रब रेस्क्यू', आणि पुढे लुकलुकणारी रेघ. हे शब्द विंडोजचे नव्हेत.

"तात्या, यात दुसरं काही होतं का?"

"दुसरं कसलं? माझं व्हतं की. चालू करताना दोन नावं यायची. वरचं माझं, खालचं पोरीचं."

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. माझ्याआधी त्या खोलीत रतन नावाचा मुलगा राहायचा. बंगळुरूला जाताना त्याने हा जुना लॅपटॉप तात्यांना दिला. एकाच यंत्रात त्याने दोन घरं करून दिली होती: नातीसाठी विंडोज, तात्यांसाठी लिनक्स, म्हणजे नातीच्या पेनड्राइव्हमधले व्हायरस आजोबांपर्यंत जाणार नाहीत. आणि लिनक्सची जागा विंडोजला वाचता येत नाही, तिला ती रिकामीच दिसते. हा प्रश्न मला तिसऱ्या वर्षाला पाच मार्कांना आला होता. उत्तर बरोबर लिहिलं होतं.

"काय होतं हो तुमच्या त्यात?"

"नावं," तात्या म्हणाले.

मांजरीत आता जिथे सोसायट्या आहेत, तिथल्या प्रत्येक शेताला पूर्वी नाव होतं. वाकडी पट्टी, बारवेखालचं, म्हातारीचं टेपाड, सासूचा तुकडा. कागदावर फक्त गट नंबर. नाव लोकांच्या तोंडात. तात्या दोन वर्षं गावातल्या म्हाताऱ्यांकडे जाऊन फोनवर ती नावं रेकॉर्ड करत होते, नाव का पडलं त्याच्या गोष्टीसकट. फोन भरला की लॅपटॉपमध्ये टाकायचं आणि फोन मोकळा करायचा. असे तेरा जणांचे आवाज, एकेकाच्या शेताच्या नावाने ठेवलेले. त्यातले पाच जण आता नव्हते.

"दुसरीकडं कुठं ठेवलंय का?" मी विचारलं.

"न्हाय."

मी घाबरलो की माझी यवतमाळी वर येते. "काहून नाही ठेवलं जी?"

"रतन म्हनला व्हता, हितं कोन हात लावत न्हाय."

मग मी माझ्या हुशारीचा दुसरा हप्ता काढला. "काळजी करू नका, तात्या. सीडी आहे माझ्याकडे. लिनक्स परत टाकून देतो."

"टाकून देतो म्हंजे? त्याच जाग्यावर?"

"हो."

तात्यांनी माझं मनगट धरलं. साठीच्या माणसाची पकड, पण सुटेना. "तुमी बांध मोडला. अजून नांगर घातलाय का?"

"नाही."

"मंग शेत हाय. आता काय पेरू नका. आधी मोजनी."

हे त्यांनी अंदाजाने म्हटलं नव्हतं. तात्यांनी बावीस वर्षं मोजणीची साखळी धरली होती. शिक्षण सहावी, घरची जमीन दीड एकर, म्हणून विशीत एका मोजणीदाराच्या हाताखाली रोजावर लागले. तेहतीस फुटांची लोखंडी साखळी, एक टोक साहेबाच्या माणसाकडे, दुसरं यांच्याकडे. हद्दीचा दगड हरवला म्हणून शेत हरवत नाही. जो दगड शाबूत आहे तिथून मोजत यायचं, हे ते रोज करत होते. मी मात्र मोकळी दिसलेली जागा मोकळीच समजणारा. मीही फक्त हद्द पुसली होती; आतलं अजून तसंच होतं, वर नवं लिनक्स टाकलं असतं तर गेलं असतं.

वर जाऊन कॉलेजच्या काळातला पेनड्राइव्ह शोधून आणला. त्यात टेस्टडिस्क नावाचा एक फुकट प्रोग्राम होता. डिस्कच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जात पुसलेल्या हद्दी शोधणारा. लॅपटॉप पेनड्राइव्हवरून चालू केला, शोध लावला. आकडे सरकू लागले. तीन तास तरी लागणार होते.

तात्यांच्या पत्नी आनंदीकाकू चहाचे कप घेऊन आल्या.

"परत न्या," तात्या म्हणाले. "मोजनी चालू हाय."

"अहो, तो पोरगा सकाळपासून उपाशी आहे."

"असू दे."

मला वाटलं शिक्षा आहे. शिक्षा नव्हती, रीत होती. मोजणीच्या दिवशी साखळीवाल्याने कोणाच्याही घरचं पाणीसुद्धा प्यायचं नाही. एकाच्या ओट्यावर चहा प्यायला की दुसरा म्हणतो, साखळी तिकडे कलली. तात्या घरून तांब्या न्यायचे आणि बांधावर बसून आपलंच पाणी प्यायचे.

"पण तात्या, इथे दोन पार्ट्या कुठे आहेत? लॅपटॉप तुमचा, चहा तुमचा."

"एक पार्टी मी. दुसरी तुमी. आन् तुमाला चहा पाजला की तुमी 'झालं, झालं' म्हनून उठनार."

काकू कप घेऊन आत गेल्या. "बावीस वर्षं मी हेच ऐकलं," आतून आवाज आला. "ह्यांना जावईसुद्धा मोजूनच पसंत पडला."

त्या तीन तासांत तात्यांनी मला ते सांगितलं, जे एरवी सांगितलं नसतं. पंच्याण्णवनंतर मोजण्या वाढल्या. आधी भावाभावांच्या वाटण्या असायच्या, मग बिल्डर येऊ लागले. साखळी जाऊन टेप आली, टेप जाऊन तिपाईवरचं यंत्र आलं, पण पलीकडे काठी धरायला माणूस लागायचाच. गावातला एकेक तुकडा विकला गेला तेव्हा काठी तात्यांच्या हातात होती. रोज मिळायचा, चांगला मिळायचा. ह्या घराच्या विटाही त्यातूनच आल्या.

"मोजताना शेतकरी सांगायचा, ही आमची वाकडी पट्टी. सायेब लिहायचा गट अमुक. मी ऐकायचो. गप बसायचो. माझं काम धरायचं व्हतं, लिहायचं न्हाय." ते पडद्याकडे बघत होते. "पुसलं माझ्याच हातानं की."

मी आकडे कुठवर आले ते बघितलं. ते सरकत होतेच.

दुपारी दीडला शोध संपला. पडद्यावर एक नाही, दोन हद्दी आल्या. दोन्ही लिनक्सच्या, एकमेकींवर चढलेल्या. एकीची सुरुवात जरा अलीकडे, दुसरीची पलीकडे. रतनने आधी केव्हातरी एक तुकडा पाडला असणार, मग मोडून दुसरा पाडला. मोठी होती ती मी निवडली आणि 'लिहा' या बटणाकडे बोट नेलं.

"थांबा. वाद हाय हितं."

"तात्या, मोठीच असेल ती."

"मोठी म्हनून खरी? मोठ्या हद्दीवाल्यानंच बांध कोरलेला असतोय. आत पीक कोनाचं उभं हाय ते बघा."

पीक बघायची सोय होती. आतल्या फाइली नुसत्या वाचता येत होत्या, काही न बदलता. मोठी उघडली. आत काहीच वाचता येईना. धाकटी उघडली. फोल्डरांची रांग आली, आणि तात्यांनी एका बोटाने टाइप केलेली मराठी नावं. वाकडी पट्टी. बारवेखालचं. मी मोजली. तेरा.

"हीच," तात्या म्हणाले. "लिहा आता."

लिहिलं. आणि त्याआधी सगळ्या फाइली माझ्या हार्डडिस्कवर उतरवून घेतल्या. तेवढी अक्कल उशिरा का होईना आली होती. लॅपटॉप पुन्हा चालू केला. दोन नावं आली. वरचं त्यांचं, खालचं पोरीचं.

तात्यांनी त्या तेरांतल्या विमलाबाईंची फाइल लावली. खोकला, कोंबडीचा आवाज, मग एक म्हातारी हसत सांगतेय की तिच्या आजेसासूने सुनेशी भांडून आपला वेगळा तुकडा पेरला आणि मरेपर्यंत तिला त्यातला हरभरा दिला नाही, म्हणून सासूचा तुकडा. विमलाबाई जाऊन वर्ष झालं होतं. तात्यांनी पूर्ण ऐकलं, मग आत बघून म्हणाले, "आता चहा आना."

चहा पिताना त्यांनी माझा दंड ठरवला. "तुमचं घर दिग्रसला कुठं?"

"ले-आउटमध्ये. प्लॉट नंबर सतरा."

"प्लॉटच्या आधी वावर असंल ना? काय म्हनायचे त्याला?"

मला माहीत नव्हतं. तिथेच बाबांना फोन लावला. बाबा म्हणाले, "आपल्याला? प्लॉट नंबर सतराच म्हणतात की." तात्यांनी ऐकलं आणि चौदावं फोल्डर तयार केलं. वर लिहिलं, दिग्रस.

"ह्यात तेवढं नाव आनून टाका. फिटली आपली."

पुढे मी कंपनी बदलली, बिबवेवाडीला राहायला आलो. तात्यांचा महिन्या-दोन महिन्यांनी फोन येतो. तब्येत, नातीची दहावी, आणि शेवटी, "मिळालं का?"

बाबांच्या मते पलीकडच्या गल्लीतल्या मथुराबाईंना ते वावर आठवत असेल, त्या तिथे निंदायला, म्हणजे तण काढायला, जायच्या. दिवाळीत गेलो तर त्या मुलीकडे नागपूरला गेलेल्या. होळीला परत येतात म्हणे.